जास्तीचा तास

वर्षातून एका रविवारी अर्धं पोर्थविन गाव एक तास उशिरा उठतं आणि त्या दिवशी इड्वल पोस्टच्या अंगात येतं.

मार्चमधला हा शेवटचा रविवार. आदल्या रात्री सरकारी नियमाने घड्याळं एक तास पुढे करायची असतात. अर्धं गाव ते विसरतं, चॅपलमध्ये रविवारच्या प्रार्थनेच्या शेवटच्या गाण्याला धापा टाकत पोचतं आणि ओशाळं हसतं. इड्वल मात्र शनिवारी संध्याकाळच्या चहानंतर घरभर फिरून एकूण एक घड्याळ पुढे करतो. ओव्हनवरचं, गाडीतलं, बायकोच्या उशाशी असलेलं, आणि शेजारणीने दार उघडलं तर तिचंही. त्याचं आडनाव प्रिदर्क. पण त्या गावात एका आडनावाचे दहा लोक सापडतात, म्हणून धंदा नावाला चिकटवून मोकळं व्हायचं. चौतीस वर्षं त्याने टपाल वाटलं, त्यामुळे तो इड्वल पोस्ट. टपाल सुटून बारा वर्षं झाली तरी पोस्ट सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते सुटावं अशी त्याचीही इच्छा नव्हती.

त्या रविवारी सकाळी आपल्या जुन्या लाल सायकलवरून तो वाटेच्या शेवटच्या टोकाकडे निघाला तेव्हा वाटेवर त्याच्याखेरीज मेंढ्याच होत्या. ही वाट म्हणजे एकेकाळची स्लेटची रेल्वे. खाणी बंद पडल्या, रूळ उचलले गेले आणि राहिलेल्या पट्ट्यावर सायकलींची वाट झाली. गावापासून समुद्रापर्यंत नऊ मैल, मोटारीला सक्त मज्जाव. कुरणं, ओकचं रान, खाडीचा काठ असं करत ती जुन्या थांब्यापाशी संपते. पुढे एक मैल दगडी फरशी, थेट समुद्रातून इनिस गोर्न नावाच्या बेटापर्यंत. तिथे एक बंद दीपगृह आहे, पडकं चॅपल आहे आणि पक्षी. ओहोटीला फरशी उघडी पडते, भरतीला बुडते. दिवसातून दोनदा.

फरशी कधी चालू आणि कधी बंद, हे लिहायचं काम इड्वलचं. वाटेचे दोन-दोन मैल गावातल्या हौशी लोकांनी वाटून घेतले होते. कुणी झुडपं छाटायचं, कुणी काचा वेचायचं. इड्वलकडे शेवटचा तुकडा आणि तो फळा. फळा म्हणजे थांब्याच्या भिंतीत बसवलेली माणसाएवढी स्लेटची लादी, वर छोटं छप्पर. खडूने रोज त्यावर दोन वेळा लिहायच्या. एकतीस वर्षं तो लिहीत आला होता, टपालात होता तेव्हापासून. या एकतीस वर्षांत एकही आकडा चुकला नव्हता, आणि हे तो न विचारताही सांगे.

त्यात एक खुबी होती. भरतीच्या वेळा तो गळ-दोरीच्या दुकानातल्या पिवळ्या पुस्तकातून घ्यायचा, आणि त्या पुस्तकाला उन्हाळ्याचं घड्याळ मुळी मान्यच नव्हतं. वर्षभर छापलेली वेळ हिवाळ्याच्याच घड्याळाची. म्हणून मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबर संपेपर्यंत प्रत्येक वेळेत एक तास मिळवून लिहायचं. एखादा नवखा हे विसरला तर लोक बुडालेल्या फरशीसमोर ताटकळत उभे राहत, कुणाचं फारसं बिघडत नसे. इड्वल कधीच विसरला नव्हता. त्याचा हात आपोआप तास मिळवायचा.

पण नाताळात ते दुकान बंद झालं. पिवळं पुस्तक मिळेना. वाटेचं काम बघणारी हेलेद, वय वर्षं एकोणतीस, इड्वलच्या मते कालचं पोर, तिने कंप्युटरवरून वेळांचा तक्ता छापून दिला.

"यात सगळं तयार आहे, इड्वल. तुम्ही नुसतं उतरवायचं," ती म्हणाली होती.

नुसतं उतरवायचं! एकतीस वर्षांच्या माणसाला! ती पुढेही काहीतरी बोलली, पण इड्वलचं डोकं त्या 'नुसतं'वरच अडकलं होतं. त्याने कागदाची घडी करून खिशात कोंबली आणि "बरं" म्हणाला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च त्याने त्यातूनच लिहिलं आणि सगळं बरोबर आलं.

आज त्याने कागद उघडला. रविवार : नऊ पस्तीस ते एक चाळीस. ओला बोळा फिरवून त्याने फळा पुसला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : फरशी सुरू १०.३५, बंद २.४०. मग मागे सरून आपल्या अक्षराकडे समाधानाने बघितलं. समोरची फरशी साडेदहाच्या मानाने जरा जास्तच सुकलेली दिसत होती. वारा असेल, तो मनाशी म्हणाला.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. दोघांची एक लांबलचक सायकल आली, पुढे-मागे दोन सीट, दोन हँडल, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी सामानाच्या पिशव्या. पुढे साठीचा उंच माणूस, मागे त्याची बायको. तिने उतरून सायकलच्या दांड्यावर हात ठेवला आणि चेहरा समुद्राकडे केला. डोळे मात्र कशावरच ठरले नाहीत. ती आंधळी आहे हे इड्वलच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

"मी ग्रॅहम आणि ही लोर्ना. आठ दिवस झाले निघून," माणूस म्हणाला. "आम्ही फक्त बिनमोटारींच्याच वाटा घेतो."

"मोटार किती जवळून गेली ते मला दिसत नाही ना," लोर्ना म्हणाली. "दरवेळी वाटतं, हीच ती. इथे कसं, पाखरं नि हा. आणि हा बोलायचा थांबतच नाही, त्यामुळे कुठे आहे ते कळतं."

इड्वलला ती एकदम आवडली. ग्रॅहम फळा वाचू लागला तेव्हा ती म्हणाली, "तू नको. तुझं नि आकड्यांचं कधी पटलंय? यांना वाचू दे."

इड्वलने घसा साफ केला, जणू चॅपलमध्ये धडा वाचायचाय. "दहा पस्तीसला सुरू. दोन चाळीसला बंद."

"दोन चाळीस," ती म्हणाली. "म्हणजे दोनला बेटावरून निघालो तरी चालेल?"

"बाई, अगदी सव्वादोनला निघा. एका मैलाला वेळ तो किती लागणार? मात्र घड्याळ पुढे केलंय ना आज? बाहेरचे लोक हमखास विसरतात."

"केलंय, केलंय," ग्रॅहम मनगट दाखवत म्हणाला. "नाही केलं असं झालं तर ही मला घरात घेणार नाही."

तिघंही हसले. लांब सायकल फरशीवर उतरली, तिचा आवाज दगडांवरून खडखडत गेला आणि विरला. इड्वल खूश होऊन घराकडे वळला.

त्याचं घर वाटेलाच लागून, थांब्यापासून तीन मैलांवर. दीडला रविवारचं जेवण झालं. भाजलेलं कोकरू, पुदिन्याचं सॉस, बटाटे. बायकोने, नेस्टाने, खीर वाढली आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून खाजण दिसायचं, त्यापलीकडे खाडीचं तोंड.

"इड्वल, कालवफोडे कुंपणाशी आलेत."

लाल चोचीचे हे काळे-पांढरे पक्षी ओहोटीला दूर पुळणीवर चरतात. पाणी चढायला लागलं की मागे मागे सरत कुंपणाशी येतात. गावातल्या पोरांनाही हे ठाऊक असतं.

"अजून तास आहे भरतीला," इड्वल चमचा चाटत म्हणाला. "कुत्र्याने उठवलं असेल."

"सगळेच्या सगळे? शंभर तरी आहेत."

"नेस्टा, फळ्यावर मी दोन चाळीस लिहून आलोय."

"तू लिहिलंयस रे. पण पाखरांनी काल रात्री घड्याळं पुढे केली नसतील," ती हसत म्हणाली.

इड्वलही हसला. आणि हसता हसता त्याचा चमचा वाटीतच थांबला.

पाखरांना घड्याळ नसतं. पाण्याला घड्याळ नसतं. घड्याळ फक्त कागदाला असतं. कुठलं घड्याळ होतं त्या कागदाला?

तो उठला. खुंटीवरच्या पिवळ्या जाकिटातून त्याने घडी काढली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. तक्त्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती. वेळा उन्हाळी घड्याळाप्रमाणे दुरुस्त केलेल्या आहेत. वेगळा तास मिळवू नये.

ओळ त्याने दोनदा वाचली. तरीही, आणि हे पुढे त्याला फार लागलं, त्याने लगेच फोन उचलला नाही. चॅपलच्या पत्रकाच्या पाठीवर त्याने पेन्सिलीने हिशेब मांडला. एक चाळीस. अधिक एक. दोन चाळीस. पुन्हा मांडला. कुठूनतरी, कसंही करून, आपणच बरोबर निघावं म्हणून तो तोच हिशेब तीनदा करत होता. भिंतीवरचं घड्याळ एक पंचावन्न दाखवत होतं, आणि ते त्याने स्वतः पुढे केलेलं होतं.

"काय झालं?" नेस्टाने विचारलं.

"फरशी बंद झालीय. पंधरा मिनिटांपूर्वीच."

"आणि?"

"तिकडे दोघं आहेत. त्यातली एक आंधळी."

नेस्टाने फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडच्या, तटरक्षक दलाच्या बाईने शांतपणे ठिकाण विचारलं, माणसं किती ते विचारलं, बेटावर फोन लागतो का ते विचारलं. लागत नव्हता. मग तिने विचारलं, "ती तिकडे आहेत हे तुम्हाला कसं माहीत?"

मीच पाठवलं, हे शब्द जिभेवर आले होते. "सकाळी... सकाळी जाताना पाहिली होती मी त्यांना," इड्वल म्हणाला.

"बचावबोट निघतेय. अर्धा तास लागेल. तुम्ही पाण्यात उतरू नका."

फोन ठेवून त्याने नेस्टाकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. तिने कागद जाकिटाच्या खिशात टाकला, जाकीट त्याच्यापुढे धरलं आणि बाही सापडेना तेव्हा हात धरून घातली.

"मी हेलेदला कळवते. तू नीघ," ती म्हणाली.

तीन मैल. टपाल वाटायचा तेव्हा हे तीन मैल त्याने शीळ घालत कापले असते. आता उजवा गुडघा दर फेरीला कुरकुरत होता आणि वारा नेमका समुद्राकडून, थेट छातीवर. ते निघाले नसतील, तो स्वतःला सांगत होता. दोनला निघू म्हणाली होती ती. बेटावरच असतील, पाणी दिसेल, थांबतील. ग्रॅहमला डोळे आहेत की. मग दुसरं मन म्हणे, अरे, त्याला फळ्यावर विश्वास आहे. पाणी दिसलं तरी तो म्हणेल, अजून चाळीस मिनिटं आहेत. तूच सांगितलंस, सव्वादोनला निघा. कुणी विचारलं होतं तुला सव्वादोन? ती बिचारी दोन म्हणत होती!

फरशीचा सगळ्यात खोल भाग किनाऱ्याजवळ होता. तिथे खाडीचा प्रवाह तिच्यावरून जातो. पाणी आधी तिथे चढतं आणि बेटाकडून येणाऱ्याला ते शेवटपर्यंत नीट दिसत नाही, पुढचे दगड कोरडे असतात म्हणून तो येत राहतो. त्या खोलगटाच्या अलीकडे, बेटाच्या बाजूला, खांबांवर एक लाकडी खोपी होती, शिडी असलेली. फसलेल्यांसाठी. एकतीस वर्षांत इड्वलच्या फळ्यामुळे तिच्यात कुणाला चढावं लागलं नव्हतं. मार्चमधलं ते पाणी माणसाला किती वेळ जगू देतं, हे त्याला माहीत होतं. तो आकडा डोक्यात येऊ नये म्हणून तो मेंढ्या मोजायला लागला, सतराला थांबला आणि मोठ्याने रडला. वाटेवर ऐकायला कोणी नव्हतं.

थांब्यापाशी पोचला तेव्हा दोन एकोणीस झाले होते. सायकल त्याने टाकूनच दिली.

फरशी नव्हती. जिथे ती सुरू व्हायची तिथे राखाडी पाणी होतं, तिरकं धावणारं. आणि त्या पाण्यात, खोपीच्या अलीकडे चाळीस पावलांवर, ती दोघं. गुडघ्याच्या वर पाणी. ग्रॅहम सायकलचं हँडल धरून ढकलत होता, लोर्नाने मागची सीट धरली होती. खोपी मागे टाकून दोघं किनाऱ्याकडे येत होती. पुढे खोलगट होता.

इड्वलने दोन्ही हात वर करून जोरजोराने हलवले. "थांबा! थांबा!"

ग्रॅहमने मान वर केली. त्याला पिवळं जाकीट दिसलं, हलणारे हात दिसले. त्यानेही हात हलवला आणि सायकलला जोर लावून भराभर पुढे यायला लागला.

त्याला वाटलं, मी बोलावतोय. हे इड्वलच्या ध्यानात आलं. सकाळी शब्दाने पाठवलं, आता हाताने ओढतोय. त्याने हात खाली घेतले आणि धावत पाण्यात शिरला, पिंढऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. गारठ्याने श्वास अडकला. दोन्ही तळवे पुढे करून तो ढकलल्यासारखे हात मारू लागला. "मागे! मागे फिरा! खोपी!" वारा शब्द तोंडातच परत कोंबत होता. ग्रॅहम आणखी दोन पावलं पुढे आला. पाणी त्याच्या मांडीवर होतं, सायकल आडवी व्हायला लागली होती.

मग वारा क्षणभर पडला. "मागे!" इड्वल ओरडला. घसा फाटून गेला.

लोर्ना थबकली. तिने ऐकलं होतं. तिने नवऱ्याचा कोट पकडला आणि काही म्हणाली. त्याने मान हलवली, किनाऱ्याकडे बोट केलं, जणू तिला दिसणार होतं. ती जागची हलली नाही. एक हात पाठीमागे दाखवत तिने ठामपणे त्याला मागे खेचलं. सायकल त्याच्या हातातून सुटली, एकदा चाक वर दिसलं, मग पिशव्यांसकट ती प्रवाहात वाहून गेली. ती दोघं एकमेकांना धरून मागे वळली. आता लोर्ना पुढे होती, पायाने दगड चाचपत. चाळीस पावलांना किती वेळ लागतो? इड्वलला वाटलं त्याचं उरलेलं आयुष्य त्यातच गेलं. शेवटी ग्रॅहमने शिडी धरली, तिला वर लोटलं, मग स्वतः चढला.

इड्वल बाहेर आला. दात वाजत होते. तो थांब्याच्या भिंतीपाशी आला तेव्हा त्याच्यासमोर फळा होता.

बंद २.४०.

हे पुसायलाच हवं होतं. अजून कोणी आलं तर? त्या फळ्यावर विसंबून कोणी उतरलं तर? अगदी योग्य काम होतं ते. इड्वलने बादलीतला बोळा उचलला, दोन चाळीस पुसलं, खडू घेतला आणि लिहिलं, एक चाळीस. वरचा दहा पस्तीसही नऊ पस्तीस केला.  लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की चुकीची वेळ आता जगात कुठेच लिहिलेली नाही. ते योग्य काम करताना त्याला आतून किती हलकं वाटलं होतं, हेही त्याच्या लक्षात आलं. बोळा त्याने बादलीत टाकला आणि दुसरीकडे पाहिलं.

हेलेद आली ती सायकलवरूनच, खांद्याला ब्लँकेटची पिशवी. तिने खोपीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, तोंडाने 'एक चाळीस' म्हटलं. "बाहेरचे लोक," ती म्हणाली. "घड्याळाचा दिवस. दरवर्षी मला भीती वाटते हीच. तुम्ही ठीक आहात ना, इड्वल? ओले झालात पार. तुम्ही होतात म्हणून, नाहीतर..."

इड्वलने हातातला खडू खिशात सरकवला.

बोट आली, खोपीपाशी लागली, आणि पावणेतीनच्या सुमाराला तिने दोघांना किनाऱ्यावर उतरवलं. बोटीवरचा गेथिन इड्वलच्या ओळखीचा, त्याच्या आईची पत्रं इड्वलने वाटलेली. लोर्नाला हेलेदने ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. ग्रॅहमचे ओठ निळे पडले होते, तरी तो बोलायचा थांबत नव्हता.

"माझीच चूक, माझीच चूक," तो म्हणत होता. "घड्याळ मी पुढे केलं, का दोनदा केलं, का केलंच नाही? मला वाटलं अजून वेळ आहे. पाणी दिसलं तरी म्हटलं वेळ आहे."

"साहेब, फळ्यावर एक चाळीस लिहिलंय, एवढ्या मोठ्या अक्षरांत," गेथिन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "माणसं उगाच लिहून ठेवतात का? हा इड्वल पोस्ट बघा, एकतीस वर्षं झाली याला. तुमच्या बायकोचा जीव गेला असता आज."

"हो. हो. बरोबर आहे तुमचं."

"नशीब समजा."

ग्रॅहमने मान खाली घातली. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, त्याच्याकडे पाहिलं, कानाला लावलं. इड्वलला ते बघवेना. आपण नुसतं गप्प बसायचं, एवढंच करायचंय, त्याच्या मनात आलं. एक शब्दही खोटा बोलायचा नाहीये. ही माणसं उद्या निघून जातील.

"मला एक सांगा," लोर्ना म्हणाली. तिचे दात वाजत होते, त्यामुळे ती सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलत होती. "सकाळी ज्यांनी वाचून दाखवलं, ते इथे आहेत का?"

 "आहे, बाई," इड्वल म्हणाला.

तिने चेहरा बरोबर त्याच्याकडे वळवला. "पाण्यातून मागे म्हणालात ते तुम्हीच ना? आवाज ओळखला मी." ती थांबली. "बेटावर असतानाच मी ग्रॅहमला म्हणाले, पाणी वळलंय, डाव्या हाताला आवाज बदललाय. तो म्हणाला, फळा दोन चाळीस म्हणतोय. मलाही तेच आठवत होतं, तुमच्याच आवाजात. म्हणून मी माझ्या कानांचं ऐकलं नाही. आता हे म्हणतायत एक चाळीस लिहिलंय." तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती, पाण्यात असतानाही ती नव्हती. "माझ्याकडे कानांशिवाय दुसरं काही नाही हो. मी सकाळी चुकीचं ऐकलं का?"

नाही म्हणायला एक शब्द लागत होता आणि हो म्हणायलाही एकच. हो म्हटलं तर ही बाई घरी जाईल, आणि पुढे प्रत्येक आवाजाला तिला वाटेल, हे मी नीट ऐकलं का? इड्वलच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं.

"नाही, बाई," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर ऐकलं. मी दोन चाळीसच म्हणालो. फळ्यावरही दोन चाळीसच होतं. कागदावर तास मिळवलेला होता, मी पुन्हा मिळवला. मघाशी मी ते पुसलं."

गेथिनने त्याच्याकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे. हेलेद फळ्याजवळ गेली. स्लेट अजून ओली होती, आणि ओल्या जागेत दोनचं शेपूट अंधूक दिसत होतं.

"आणि यांचं घड्याळ बरोबर आहे," इड्वल म्हणाला. "सकाळीही बरोबर होतं."

 ग्रॅहमने हातातलं घड्याळ पुन्हा मनगटावर बांधायला घेतलं. बोटं आखडली होती, बकल लागेना. लोर्नाने चाचपत त्याचा हात धरला आणि बकल लावून दिलं.

"मी तुमच्यावर रागावलेय," ती इड्वलला म्हणाली. "फार रागावलेय. उतरायला वेळ लागेल."

"हो," इड्वल म्हणाला.

त्याने खिशातला खडू काढून हेलेदपुढे धरला. ती खडूकडे बघत राहिली, पण घेतला नाही. "उद्याची वेळ लिहायचीय," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आधी वाचा. मोठ्याने. मला ऐकू येईल असं."

इड्वलने भिजलेला कागद उघडला, चष्मा लावला. सोमवारच्या ओळीवर त्याचं बोट गेलं, तिथून ते त्याने काढून घेतलं आणि कागदाच्या तळाशी ठेवलं. चौघांसमोर, गारठलेल्या आवाजात, त्याने सगळ्यात आधी ती बारीक अक्षरांची ओळ वाचायला सुरुवात केली.